मागं राहणाऱ्यानं भरायची सॅक

जरा जवळ सरक बघू. तू पुण्यात आणि मी कोल्हापुरात, तरी सरक. कागद नीट जवळ धरून वाच. तुझी सवय मला ठाऊक आहे, निम्मं वाचून बाजूला ठेवशील आणि फोनवर म्हणशील, वाचलं हं आत्ती, छान होतं. छान म्हणून घ्यायला मी लिहीत नाही. रागं भरायला लिहितेय.

परवा काय म्हणालीस आठवतंय का? हिमालयात चाललीस, सामान सगळं दुकानातून नवं कोरं आणलंस, सॅक भरून दारात उभी करून ठेवलीस. मी विचारलं, भीती नाही का गं वाटत? तर हसून म्हणालीस, "छे गं आत्ती, अजिबात नाही." मी बरं म्हणून फोन ठेवला आणि ताटावरून तशीच उठले. हिमालयाचं नाव ऐकून नव्हे. तुझं ते 'अजिबात नाही' ऐकून.

ते का, हे कळायला तुला आमचे घरमालक कळायला पाहिजेत. मंगळवार पेठेतल्या घरी तू सुट्टीला यायचीस तेव्हा जिन्यात त्यांना बघून माझ्या पदराआड लपायचीस. उंच, काटकुळे, कानात बारा महिने कापसाचे बोळे. वरच्या मजल्यावर ते एकटे, खाली आम्ही भाडेकरू. कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं तर म्हणायचे, "वैनी, धाडस झालं न्हाय."

आणि ते खरंच असावं, कारण त्यांच्याइतका भित्रा माणूस मी आजवर पाहिला नाही. झोपायच्या आधी खाली येऊन प्रत्येकाच्या घरात गॅसचा कॉक बघून जायचे. रंकाळ्याला फिरायला जातील, पण काठापासून चार हात लांबून. कुत्रं दिसलं की गल्ली बदलायचे. रस्ता ओलांडायची तर त्यांची वेगळीच तऱ्हा होती. आपल्याकडं संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी आणून धारोष्ण दूध विकतात ना, त्या म्हशी परत जायच्या वेळेला हे कोपऱ्यावर उभे राहायचे, आणि म्हैस रस्ता ओलांडायला लागली की तिच्या पोटाआडून पलीकडं. म्हणायचे, "रिक्षावाला माणसाला बघून थांबत न्हाय. म्हशीला बघून थांबतोय."

असा हा माणूस दर उन्हाळ्यात पाच-सहा जणांना घेऊन हिमालयात जायचा. बर्फात, तंबूत, वारा माणसाला ढकलतो असल्या उंचीवर. फुकट न्यायचे, आपापला खर्च आपण करायचा एवढंच. मी एकदा न राहवून विचारलं, "मालक, तुम्हाला लिफ्टमध्ये जायला भ्या वाटतं, मग तिथं कसं जाता?"

"भितभितच जातो की," ते म्हणाले. "न भिता गेल्यालं परत येत न्हाईत. आपुन दरसाल आलोय का न्हाय?"

जायची इच्छा असलेली पोरं फेब्रुवारीपासून त्यांच्या जिन्यावर रांग लावायची. मालक प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे. तुला कशाचं भ्या वाटतं? एकदा तालमीतला एक पैलवान आला. मान अशी की डोक्याएवढीच रुंद. मी खाली भांडी घासत होते, सगळं ऐकू येत होतं.

"कशाचं भ्या वाटतं?"

"आपल्याला?" पैलवान हसला. "आपल्याला कशाचंच न्हाय."

"मग तू हितंच बरा हाईस. दूध पी, जोर काढ."

"अवो मालक, मी दोन माणसं खांद्यावर घिऊन पळतोय."

"पळ की. खासबागच्या आखाड्यात पळ. तिकडं पळणाऱ्याचं डोकं फुटाय लागतंय. पुढचा कोण?"

पैलवान तणतणत गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. जिन्यात माझ्याकडं बघितलं, आजूबाजूला बघितलं, वर जाऊन आवाज अगदी खाली आणून म्हणाला, तरी मला ऐकू आलंच, "मालक, सुईचं भ्या वाटतंय. इंजेक्शन बघितलं की घेरी येती. तालमीत सांगू नगासा."

"बस," मालक म्हणाले. "च्या घेणार?"

तर अशा माणसाकडं आमचा संजू, तुझा संजूदादा, जायचं म्हणून बसला. कॉलेजचं शेवटचं वर्ष. तुला तर माहीतच आहे, तुझा थोरला काका, तू त्याला पाहिलंच नाहीस, शाहूवाडीकडं आमच्या गावच्या डोंगरात गेला. गुरं शोधायला वर गेला, धुकं उतरलं, आणि कड्यावरून. खाली कपारीत अडकला होता, हाका मारत होता. वर माणसं जमली, पण कुणाकडं दोरी नव्हती. गावातून दोरी येईपर्यंत हाका थांबल्या होत्या. मी लहान होते, पण त्या हाका मला अजून ऐकू येतात. डोंगर म्हटलं की मला हिरवं काही दिसत नाही, धुकंच दिसतं. त्यामुळं मी मनात म्हटलं, संजू, तू जा मालकांकडं, आणि मालक करोत तुला नापास.

झालंही तसंच. संजू वर गेला आणि छाती काढून म्हणाला, मला कशाचं भ्या नाही. मालकांनी त्याला खाली पाठवला. तुझे मामा, म्हणजे आमचे हे, हसले, मी देवळात जाऊन आले.

पण पुढच्या वर्षी पोरगं परत गेलं. या वेळी बराच वेळ वर होतं. नंतर मालक स्वतः खाली आले, उंबऱ्यातच उभे राहिले.

"वैनी, संजाला नेतोय."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, वरपर्यंत पोचलो न्हाय तर गल्लीत काय तोंड दाखवू, ह्याचं भ्या वाटतंय." मालकांनी कानातला बोळा काढून परत घातला, ते विचारात असले की तसं करायचे. "हे भ्या वंगाळ हाय. ह्याच भ्यानं माणसं वर मरत्यात. पण त्याला ते ठावं हाय, म्हणून नेतोय. आता सॅक तुमी भरायची."

हा मालकांचा नेम होता. जाणाऱ्यानं आपली सॅक स्वतः भरायची नाही. घरी जो मागं राहणार असेल त्यानं भरायची. ते म्हणायचे, जाणारा हौसेनं भरतो, मागं राहणारा भ्यानं भरतो, आणि वर हौस कामाला येत नाही. भरून झाली की जाणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, त्याचे हात बर्फाच्या बादलीत बुडवायला लावायचे, रसाच्या गाड्यावरून बर्फ आणायचे, आणि बोटं बधिर झाली की म्हणायचे, सॅकमधून हातमोजे काढ. टॉर्च काढ. बुटाची नाडी बांध. त्याशिवाय दर रविवारी सॅकमध्ये गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, घालून जोतिबाच्या डोंगरावर चढायचं. वाटेत बायका विचारायच्या, "काय पावणं, गूळ इकायला चाललासा व्हय?" आणखी एक म्हणजे गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी सोडून फरशीवर सरळ टाकायची आणि तिच्यावरून टाचेला चवडा लावत चालायचं. वर हवा विरळ झाली की काहींच्या डोक्यात पाणी भरतं, माणूस दारू प्याल्यासारखा होतो, आणि त्याचं त्यालाच कळत नाही. दोरीवर सरळ चालता आलं नाही की कुणाचंही ऐकायचं नाही, शिखर हातभर असलं तरी त्याला घेऊन खाली यायचं. "खाली आणलं की माणूस परत माणसात येतोय," असं सांगायचे. "पण ज्याला झालंय त्यो कधी कबूल हुईत न्हाय."

हे सगळं खालून ऐकत मी सॅक भरत होते. काय काय भरलं विचारू नकोस. स्वेटर घातला, त्यावर दुसरा घातला, गांधी मैदानाजवळ थंडीत तिबेटी लोक बसतात त्यांच्याकडून तिसरा आणला. घोंगडं. शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. भडंग. लसणाची चटणी. सुंठ, ओवा, बाम. तांब्या. जादा टॉर्च. वाटेत कुणी मोठा माणूस भेटलाच तर असावी म्हणून इस्त्रीची पँट. हसू नकोस, घाबरलेल्या बाईचं डोकं असंच चालतं. आणि सगळ्यात खाली सुताची जाड, लांब दोरी. दुकानदाराला म्हटलं, माणूस पेलेल अशी दे. त्यानं माझ्याकडं कसंसंच बघितलं.

मालक आले. सॅक उघडून बघितली, एक वस्तू बाहेर काढली नाही. म्हणाले, "बरं भरलंय. आता पाठीवर घ्या."

"कोण? मी?"

"मग? भरणाऱ्यानं एकदा उचलायची. रंकाळ्यापतुर जाऊन यायचं."

लुगड्यावर ती सॅक घेऊन मी मंगळवार पेठेतून निघाले. मालक मागं, गटाराच्या कडेनं, भिंतीला घासत. लोक दारात येऊन बघायला लागले. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, "वैनी, माहेरला चाललासा का कायमच्या?" मी मान वर केली नाही. देवल क्लबपाशी खांदे भाजायला लागले. रंकाळ्याच्या भिंतीवर टेकले तेव्हा श्वास छातीत मावत नव्हता. मालक चार हातांवर उभे राहून बघत होते.

"वैनी, हितं हवा भरपूर हाय," ते म्हणाले. "तिकडं निम्मी असती."

मी तिथंच सॅक उघडली. रडत रडत एकेक काढायला लागले. तांब्या काढला. इस्त्रीची पँट काढली. तिसरा स्वेटर काढताना हात थांबला, पण काढला. लाडवांचा डबा निम्मा केला. प्रत्येक वस्तू काढताना वाटायचं, हीच नसल्यामुळं पोरगं जाईल. मी दोरी हातात घेतली तेव्हा मालक म्हणाले, "ही कशाला? आमच्याकडं तिथल्या वाटाड्याची हाय."

"ती त्याच्याकडं असेल. ही संजूकडं," मी म्हटलं. आणि मग माझ्या भावाचं सांगितलं. त्यांना आधी कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी दोरी नीट गुंडाळून स्वतःच्या हातानं सॅकमध्ये घातली. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. परत येताना पहिल्यांदाच ते माझ्या बरोबरीनं चालले, रस्त्याच्या बाजूनं.

निघायच्या दिवशी मिरजेला जाणाऱ्या गाडीत सगळे चढले. पैलवानाची आई पैलवानापेक्षा मोठ्यानं रडत होती. मालकांनी खिडकीतून मला सांगितलं, "खिंड ओलांडून पलीकडच्या गावात उतरलो की फोन करतो. तवर घाबरायचं. पण जेवायचं."

मी घाबरले. जेवले कमी. शेजारच्या किराणा दुकानात फोन होता, तो वाजला की मी धावत दारात. ओटा पुसताना धुकं दिसायचं, कणीक मळताना हाका ऐकू यायच्या. तुझे मामा म्हणायचे, अजून आठवडा आहे, आत्ता कुठला फोन. मीही मनाला तेच सांगायची, अजून आठवडा आहे.

आणि आठवडा राहिलेला असतानाच दुपारी दुकानदारानं हाक मारली. "वैनी, फोन हाय. लांबचा दिसतोय."

वेळेवर न आलेल्या फोनची मी तयारी केली होती. वेळेआधी आलेल्या फोनची नव्हती. भिंत धरून धरून गेले. रिसीव्हर कानाला लावला तर नुसती खरखर. मग संजूचा आवाज, "आई, आम्ही मागं फिरलो." मी खाली गुळाच्या पोत्यावर बसले. तो पुढं काय बोलला ते मला कळलंच नाही, आवाज ऐकत राहिले फक्त. मग कुणीतरी त्याच्या हातून फोन घेतला. मालकांचा आवाज, बारीक, ओढलेला. "वैनी, पोरगं बेस हाय. तुमी जेवलासा का?"

काय झालं ते संजूनं घरी आल्यावर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी.

खिंडीच्या अलीकडचा शेवटचा तंबू. दुसऱ्या दिवशी पहाटे खिंड चढायची, पलीकडं उतरायचं, झालं. ज्याच्यासाठी दोन वर्षं जीव टाकला ती खिंड डोळ्यांसमोर होती. दुपारी सगळे चहा घेत बसलेले असताना मालक आपल्या सॅकमध्ये हात घालून काहीतरी शोधत होते. शोधतच होते. संजूनं विचारलं, काय पाहिजे? "हातमोजं," म्हणाले. हातमोजे त्यांच्या हातातच होते. पैलवान हसला. मालकही हसले. मग उठले आणि कड्याच्या अगदी टोकाशी जाऊन उभे राहिले, खाली दरी बघत, हात कमरेवर.

रंकाळ्याच्या काठापासून चार हात लांब चालणारा माणूस, बघ.

संजू म्हणाला, "मालक, मागं या. भ्या नाही वाटत का?"

"भ्या?" मालक मोकळेपणानं म्हणाले. "कशाचं रे? मला कशाचंच भ्या वाटत न्हाय."

संजू मला म्हणाला, आई, त्या क्षणी माझ्या अंगातलं रक्त थंड झालं. बर्फानं झालं नव्हतं तेवढं.

त्यानं मालकांना हाताला धरून आत आणलं. सॅकच्या तळातून माझी दोरी काढली, जमिनीवर सरळ टाकली आणि म्हणाला, चाला. मालकांनी पाऊल टाकलं ते दोरीच्या हातभर बाहेर. दुसरं टाकलं ते पडलेच. "दोरी वाकडी टाकलीस भाड्या," म्हणाले. संजूनं परत टाकली. परत पडले.

मग भांडण सुरू झालं. मालक ऐकेनात. "मी मास्तर का तू? उद्या खिंड. मी पळत जातो. तू भितोस. तुझी आई भित्री, तू भित्रा." बाकीची पोरंही म्हणाली, थकलेत, सकाळपर्यंत बरे होतील, एका दिवसासाठी एवढं सगळं सोडायचं का? संजू मला म्हणाला, मलाही तसंच वाटत होतं आई. खिंड दिसत होती. पण त्यांनीच शिकवलं होतं, ज्याला झालंय तो कबूल होत नाही.

तो पैलवानाकडं वळला. "उचलतोस का?"

पैलवानानं चहा ठेवला. मालकांना पोत्यासारखं खांद्यावर घेतलं. तिथल्या वाटाड्यानं पुढं वाट धरली. पैलवानाच्या कमरेला माझी दोरी बांधली, दुसरं टोक संजूच्या कमरेला, आणि दिवस होता तेवढ्यात उतरायला लागले. वाटभर मालकांनी पैलवानाच्या पाठीवर बुक्क्या मारल्या, जे तोंडाला येईल ते शिव्या म्हणून दिलं. पैलवान म्हणायचा, "द्या मालक, द्या. सुई तेवढी नगा टोचू." एका घसरणीवर पैलवानाचा पाय गेला, दोरी ताणली, संजू दगडाला मिठी मारून बसला. तेवढंच त्यानं सांगितलं. मी जास्त विचारलं नाही. आजही विचारत नाही.

खूप खाली उतरल्यावर नदीवर लाकडी पूल लागला. तोवर मालक पायांवर आले होते, पैलवानाचा हात धरून चालत होते. पुलावर दोन पावलं टाकली आणि थांबले. कठडा दोन्ही हातांनी गच्च धरला.

"संजा," म्हणाले, "ह्यो पूल हालतोय रं. मला भ्या वाटाय लागलंय."

आमचा संजू तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. पैलवानही.

घरी आल्यावर गल्लीतल्यांनी विचारलंच, काय संजा, वर पोचलास का? तो म्हणाला, "न्हाय." बास, एवढंच. त्यापुढं त्याच्या तोंडून मी ती तोंड दाखवायची भीती कधी ऐकली नाही.

पुढच्या माघात मालक आमच्या उंबऱ्यात आले. हातात त्यांची सॅक, रिकामी. माझ्याकडं बघेनात, कानातला बोळा काढून घालत राहिले. "वैनी," म्हणाले, "माझी आजपतुर मीच भरत आलोय. मागं कोण न्हवतं." मग म्हणाले, "भरशीला?"

मी भरली. दरवर्षी भरली, आणि दरवर्षी पाठीवर घेऊन रंकाळ्यापर्यंत जाऊन आले, त्यांचे गुडघे जाईपर्यंत. पानवाल्याचीही सवय मोडली विचारायची.

शेवटी ते दवाखान्यात होते तेव्हा मी रोज डबा घेऊन जायची. रोज विचारायची, मालक, भ्या वाटतंय का? "वाटतंय की," म्हणायचे, "ह्या नळ्या बघा की, ती मशीन बघा की." मला बरं वाटायचं, म्हणजे माणूस शुद्धीवर आहे. एक दिवस विचारलं तर खिडकीकडं बघत हसले आणि म्हणाले, "न्हाय. आता काय वाटत न्हाय." मी डबा तिथंच ठेवला, बाहेर आले आणि संजूला फोन करून म्हटलं, आजच्या आज निघ.

कळलं आता, परवा मी का जेवले नाही ते?

जा तू. मी नको म्हणणार नाही. संजूलाही म्हटलं नव्हतं. पण ती दारात उभी केलेली सॅक आधी रिकामी कर आणि येत्या रविवारच्या गाडीनं घेऊन ये. नवं सामान वेगळ्या पिशवीत आण, मी बघेन. दोरी माझ्याकडं आहे, तीच, धुऊन ठेवलेली. माझेही गुडघे आता मालकांसारखेच झालेत, रंकाळा काही जमायचा नाही, पण कोपऱ्यापर्यंत तुझी सॅक मी पाठीवर घेईन. तू मागून ये, भिंतीकडेनं. आणि आल्या आल्या मला खरं सांग, कशाचं भ्या वाटतं. काहीतरी वाटत असेलच की गं. ये लवकर, मी जेवायची थांबलेय.